चुकला त्यानं हात वर करायचा

प्राध्यापक निमकरांनी दानियल सरांना फसवलं. भर सभेत फसवलं, हसत हसत फसवलं, आणि ज्या तबकडीनं फसवलं ती माझ्या दुकानातून नेलेली होती. हे आधीच लिहून टाकतो. कारण सरांविषयी लिहायला बसलो की माझा राग उतरतो, आणि हा राग मला उतरू द्यायचा नाही.

नगरमध्ये सरांना ओळखणारी माणसं आता फारशी उरली नाहीत. जी आहेत ती म्हणतात, "ते होय, इंग्रजी बाजावाले. कान गेला होता त्यांचा शेवटी." कान गेला होता हे वाक्य गावात कुणी सोडलं ते मला ठाऊक आहे. तेच वाक्य खोडून काढायचं म्हणून हा खटाटोप.

मी मूळचा तिसगावचा. वडील बैलांचे दलाल. मी नगरात आलो तो पोती आणि बाटल्या विकत घेत आलो, आणि हळूहळू दाळमंडईच्या मागं जुन्या सामानाचं दुकान टाकलं. भिंगारच्या कॅम्पातून एखादा साहेब बदलून गेला की त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघायचं. खुर्च्या, पलंग, पत्र्याचे टब, काचेची भांडी असा सगळा ढीग एकदम उचलावा लागे. अशाच एका ढिगात मला गाण्याच्या तबकड्यांचं खोकं आलं. वाळवीनं पाकिटं आणि मधली गोल चिठ्ठी तेवढी खाल्ली होती, काळी तबकडी शाबूत. कुठली कसली, काही कळायला मार्ग नाही. मी ते खोकं दाराशी ठेवून दिलं होतं.

सर आले होते सायकलच्या सीटसाठी. उंच, वाळकी अंगकाठी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट, डोक्यावर काळी टोपी. मिशनच्या शाळेत जन्मभर संगीत शिकवून निवृत्त झालेले. सीट हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली, पण नजर खोक्यावर.

"महाशय," ते म्हणाले, "यांतली एखादी लावता का?"

मला तोवर कुणी महाशय म्हटलं नव्हतं. मी चावीचा फोनो बाहेर काढला आणि तबकडी चढवली. सरांनी टोपी काढून काखेत धरली आणि उभ्यानं ऐकू लागले. जरा वेळानं म्हणाले, "हे आधीचं." तबकडी डावीकडं ठेवली. दुसरी लावली. "हेही आधीचं." तिसरी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. दुकानात सकाळचं ऊन येतं तसा बदलला. "हे आमचं," ते म्हणाले, आणि ती उजवीकडं ठेवली.

दुपारपर्यंत दोन ढीग झाले, आधीचं आणि आमचं. एक छोटा तिसरा ढीगही होता, "नंतरचं". त्याच्याकडं सरांनी पाहुण्याकडं बघावं तसं पाहिलं.

"आमचं म्हंजे कुणाचं, सर?" मी विचारलं. "तुमच्या मिशनचं?"

"नाही. गेल्या शतकातलं. युरोपात त्या काळाला रोमँटिक म्हणतात. सिनेमातलं रोमँटिक नव्हे हं."

"तवा तुमी जल्मला होता का?"

"नाही," सर म्हणाले. "पण मी तिथलाच."

ज्यांनी ते संगीत रचलं त्यांची नावं सरांनी मला पुष्कळदा सांगितली. मला ती आजही नीट उच्चारता येत नाहीत, म्हणून इथं लिहीत नाही. चुकीचं लिहिलं तर हात मला वर करावा लागेल. ही हात वर करण्याची भानगड पुढं सांगतो.

त्या दिवसापासून सर दुकानात येऊ लागले. तबकड्या धुवायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. रात्रभर भिजवलेल्या रिठ्याच्या पाण्यात मऊ फडकं बुडवून गोल गोल पुसायचं, चिठ्ठीच्या जागी पाणी जाऊ द्यायचं नाही, मग ताटं ठेवतात तशा उभ्या लावून सावलीत वाळवायच्या. तो दुष्काळाचा काळ. नळाला पाणी नाही, माणसं टँकरमागं पळतायत. सर अर्ध्या बादलीत अख्खं खोकं धुवायचे आणि उरलेलं काळं पाणी डब्यात घालून सायकलला लटकवून घरी न्यायचे. त्यांच्या खोलीच्या दारात एक पपई होती. ती त्या उन्हाळ्यात जगली. सर म्हणायचे, "हिला सगळं ऐकू गेलेलं आहे."

खोली म्हणजे मिशनच्या आवारात, बंद पडलेल्या बंगल्यामागं, पूर्वी माळी राहत असे ती. गोरी माणसं आपल्या देशाला निघून गेली होती. ज्या मॅडमनी सरांना लहानपणी पियानो शिकवला त्याही गेल्या, आणि बंगल्यातला पियानोही कुठंतरी गेला. लग्न सरांनी केलं नव्हतं. मी एकदाच गेलो होतो त्या खोलीत. खाट, स्टोव्ह, पवित्र शास्त्र, आणि भिंतीला टेकवलेली एक लांब फळी. फळीवर काळ्यापांढऱ्या रंगानं पियानोच्या पट्ट्या काढलेल्या. सरांनी ती टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी वाजवून दाखवली. आवाज बोटांचा, लाकडावरचा. मी काय म्हणणार? "झ्याक," म्हणालो.

"इथं चुकलो," सर म्हणाले, आणि उजवा हात वर केला.

त्याचा अर्थ मला पुढं एका एसटी कंडक्टरकडून कळला. तो सरांचा विद्यार्थी, दुकानात ट्रंक घ्यायला आला होता. सरांना पाहून त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि शाळकरी पोरासारखा सरळ उभा राहिला. सर गेल्यावर मला म्हणाला, "शेठ, सरांच्या तासाला कोरस गाताना कोन बेसूर झालं तर सर त्याच्याकडं बघायचे न्हाईत. चुकला त्यानं आपला आपन हात वर करायचा. सर म्हनायचे, 'धन्यवाद, पुढे चला.' मार न्हाई, काई न्हाई."

"आनि ज्यानं केलाच न्हाई वर?"

"तर सर थांबून ऱ्हायचे. अख्खा वर्ग थांबायचा. लई जड जायचं ते. त्यापरीस छडी बरी." मग हसून म्हणाला, "एकदा सरच चुकले पेटीवर. त्यांनी हात वर केला. आमी समदी वरडलो, 'धन्यवाद सर, पुढे चला.' सर इतके खूश झालेले मी परत बघितले न्हाईत."

मी व्यापारी माणूस. एखाद्याला माल ओळखता येतो म्हटलं की तो कशावरून ओळखतो ते काढून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी सरांच्या मागं लागलो. सर शिकवायला तयारच होते, शिकणारं कुणी उरलं नव्हतं एवढंच.

सर सांगायचे, आधीच्या लोकांचं गाणं गवंड्यानं दोरी लावून बांधलेल्या भिंतीसारखं. एक ओळ विचारते, तेवढ्याच लांबीची दुसरी उत्तर देते. आवाज मोठा तर मोठा, लहान तर लहान, पायरी उतरल्यासारखा. आमच्या लोकांचं तसं नाही. सूर लांबतच जातो, कुठं टेकावं ते त्याला कळत नाही. आवाज कुजबुजीपासून निघतो आणि चढत चढत छप्पर उडवतो, आणि तो कधी चढला ते आपल्याला कळत नाही. वाद्यांचा ताफा मोठा, पितळी शिंगं जास्त. मध्येच गावाकडचे नाच येतात, कारण या लोकांना आपापल्या गावाची फार आठवण. आणि सगळ्यात मोठी खूण ही की, सूर घरी यायला निघतो, दारापर्यंत येतो आणि परत वळतो. आता येईल, आता येईल म्हणून आपण वाट बघतो, तो शेजारच्या आळीत शिरलेला असतो.

"अजून घरी आलेला नाही," हे सरांचं आवडतं वाक्य. तबकडी चालू असताना बोट वर करून म्हणायचे. शेवटी सूर मूळ जागी टेकला की बोट खाली.

एक खूण मात्र माझ्या डोक्यात शिरेना. सर म्हणत, हे लोक ताल ओढतात. इथं थोडा वेळ चोरतात, पुढं परत देतात. इटलीच्या भाषेत त्याला चोरलेला वेळच म्हणतात. मी म्हणालो, ताल चुकला म्हणा की सरळ. सर म्हणाले, चुकत नाही, रोखून धरतात. ते पुन्हा पुन्हा समजावून सांगत होते आणि मी हुज्जत घालत होतो. मग एकदम माझ्या लक्षात आलं.

"सर, हे तर आमच्या रुमालाखाली चालतं."

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात एका रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा. खरा दलाल ओळखायचा तो बोटं कशी दाबतो यावरून नव्हे, कधी दाबतो यावरून. समोरच्याला वाटतं आता दाबेल, तो दाबत नाही. हात नुसता धरून ठेवतो. समोरच्याचा श्वास अडकला की मग हळूच दाबतो, आणि पुढची बोटं भराभर. मी खांद्यावरचा पंचा काढला, सरांचा हात त्याच्याखाली घेतला आणि वडील करायचे तसं करून दाखवलं. सरांनी डोळे मिटले.

"पुन्हा करा," ते म्हणाले.

मी पुन्हा केलं.

"कुठं शिकलात हे?"

"तिसगावच्या बाजारात."

सर हसले. तोंड बंद ठेवून, नुसते खांदे हलवत हसायचे ते. मी पंचा काढून घेतला. सरांनी हात लगेच मागं घेतला नाही. तो तसाच माझ्या हातात राहिला, सुकलेल्या पानासारखा हलका, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी तो कोटाच्या खिशात घातला.

आता शनिवारच्या मंडळाचं सांगतो.

गावातल्या एका वाचनालयाच्या मागं एक खोली होती. तिथं दर शनिवारी संध्याकाळी पाश्चात्त्य संगीत ऐकायला पाचपंचवीस माणसं जमत. वकील, डॉक्टर, कॉलेजातली मंडळी, कॅम्पातले एकदोन निवृत्त साहेब. मंडळाचे अध्यक्ष एक वृद्ध वकीलसाहेब होते. खोलीतला रेडिओग्राम मीच त्यांना विकलेला. तो मधूनमधून अडायचा, म्हणून मीही तिथं त्याच्या शेजारी स्टुलावर बसायचो. तबकडी लावायच्या आधी चार शब्द सांगायचं काम सरांचं, आणि खोलीची किल्ली सरांकडं.

त्या किल्लीचं मोल मला सांगता यायचं नाही, आणि मोल सांगणं हा माझा धंदा आहे. सरांकडं वाजवायला यंत्र नव्हतं. मंडळ शनिवारी, पण सर रोज संध्याकाळी ती खोली उघडून एकटे बसत. एक तबकडी ऐकत, पुसून जागेवर ठेवत, कुलूप लावून भाकरी थापायला घरी जात. माझ्या फोनोवर जुन्या तबकड्या वाजायच्या, पण त्या डब्यात कोंडल्यासारख्या. रेडिओग्रामवर पितळी शिंगं खरी वाजायची. "सबंध दिवस मी तिथं जायची वाट बघत असतो," असं ते एकदा बोलून गेले.

वीज तेव्हा वाटेल तेव्हा जायची. तबकडी भरात असताना यंत्र रडत रडत थांबायचं. लोक काड्या पेटवायचे, चपला शोधायचे. सर म्हणायचे, "बसा. घरी पोचवू या." आणि अंधारात, खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून, उरलेलं सगळं गुणगुणत शेवटापर्यंत न्यायचे. आवाज काही चांगला नव्हता. पण तो दारातून परत वळणारा सूर त्या काळोखात परत वळायचा, आणि मग एकदाचा टेकायचा. त्यानंतरच सर लोकांना उठू देत. काहींना याचा कंटाळा यायचा. खोटं कशाला बोलू, पहिल्या पहिल्यांदा मलाही यायचा.

निमकर पुण्याहून इथल्या एका कॉलेजात आले आणि मंडळात आले. गोरे, तरतरीत, बोलणं गोड. आल्याबरोबर लोकांना आवडले. थोड्याच दिवसांत कुजबुज सुरू झाली की सर गेल्या शतकाच्या बाहेर येतच नाहीत, जगात पुढं किती काय झालंय. निमकरांना मंडळ चालवायचं होतं, त्यात मला गैर वाटत नाही. मीही दुसऱ्याचं गिऱ्हाईक तोडलेलं आहे. सर तर म्हणाले, एक शनिवार तुमचा, एक माझा. निमकरांना ते नको होतं. ते म्हणाले, दोन हातांत कारभार राहिला की शिस्त राहत नाही.

मग एका शनिवारी, गंमत म्हणून, असं वकीलसाहेबांना सांगून निमकरांनी परीक्षा ठेवली. काही तबकड्या आणल्या. मधल्या चिठ्ठीवर पांढरा कागद चिकटवलेला. सरांनी ऐकून काळ ओळखायचा.

"सरांचा कान म्हणजे आपल्या मंडळाचा दागिना," निमकर म्हणाले. "बघू या तरी."

सर टोपी काढून उभे राहिले. पहिली लावली, सर म्हणाले, आधीचं. बरोबर. दुसरी, आमचं. बरोबर. असं होत होत शेवटची आली. मी तबकडी हातात घेतली आणि ओळखली. कडेला टवका होता. सरांनी अजून न पाहिलेल्या नव्या खोक्यातली, चिठ्ठी शाबूत असलेली. थोड्या दिवसांपूर्वी निमकर ती माझ्या दुकानातून घेऊन गेले होते, आणि मी सांगितलेल्या किमतीला घेऊन गेले होते. एका शब्दानं घासाघीस केली नाही. जो घासाघीस करत नाही त्याच्या मनात दुसरंच काही असतं, हा माझा जन्माचा अनुभव. पण काय असेल ते मला त्या घडीला कळायला मार्ग नव्हता.

तबकडी सुरू झाली. पियानो आणि मोठा ताफा. सूर असा लांबत गेला की मलाही कळलं. वेळ चोरला, परत दिला. दारापर्यंत आला, वळला. सरांनी बोट वर धरलं होतं. त्यांचे डोळे ओले होते.

"हे आमचं," सर म्हणाले. "गेल्या शतकातलं. यात शंका नाही."

"शंका नाही ना?" निमकरांनी विचारलं.

"नाही."

निमकरांनी सावकाश कागद सोलला. "हे पहिल्या महायुद्धाच्याही नंतरचं आहे. हे रचणारा गृहस्थ आपल्या स्वातंत्र्याच्या जरा आधीपर्यंत जिवंत होता. सर, तुम्ही त्याला त्याच्याच आजोबांच्या काळात नेऊन बसवलंत."

लोक हसले. वाईट नव्हते हो ते लोक. विनोद झाला म्हणून हसले.

सर तबकडीकडं बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात वर केला. सरळ, पूर्ण वर, शाळेतल्या पोरासारखा.

लोकांना काही कळेना. सर थांबून राहिले. मला कळलं. मी स्टुलावरून उठून म्हणालो, "धन्यवाद सर, पुढं चला."

लोकांना वाटलं मी त्यांना दाराची वाट दाखवतोय. खोली पुन्हा हसली, पहिल्यापेक्षा जोरात. सरांनी फक्त माझ्याकडं बघून मान हलवली, हात खाली घेतला, कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. टोपी घालून बाहेर पडले. कुणी मागितली नव्हती ती किल्ली, असं वकीलसाहेब नंतर सांगत फिरले. खरं आहे. पण कुणी परतही दिली नाही. निमकरांनी ती उचलली.

पुढच्या आठवड्यात निमकर दुकानात आले. खुशीत होते. टेबल बघता बघता म्हणाले, "शेठ, तसा म्हातारा चुकला नव्हता बरं का. तो रचनाकार होताच तसा. देश सोडून परमुलखात गेला, सगळं जग पुढं गेलं, हा आपला जन्मभर जुन्याच धाटणीत लिहीत बसला. जाणकार त्याला हसायचे. म्हणून तर तीच तबकडी निवडली."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग हे तिथं का न्हाई सांगितलं?"

"प्रश्न काळाचा होता, शैलीचा नव्हता."

"प्राध्यापकसाहेब," मी म्हणालो, "माझा बाप बैलाच्या तोंडात बोटं घालून वय सांगायचा. दोन दाती, चार दाती, सहा दाती. एखादा बैल दात उशिरा टाकतो. जल्मानं मोठा, तोंडानं ल्हान. त्याला कुनी ल्हान म्हनलं तर बाजार त्याला खोटा म्हनत न्हाई. पन तसा बैल मुद्दाम हुडकून जानकारापुढं उभा करायचा आनि मग चारचौघांत हसायचं, त्याला काय म्हनत्यात माहीत हाय का?"

"शेठ, तुम्ही उगाच तापताय."

"शनिवारी जाऊन सांगा, सर बरोबर हुते म्हनून. एवढंच वाक्य."

"आता झालं ते झालं. त्यांचंही वय झालंय."

मी टेबल विकणार नाही म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो, ते छापण्यासारखं नाही. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. निमकर रुमालानं कपाळ पुसत निघून गेले. त्यानंतर गावात ते वाक्य ऐकू यायला लागलं, सरांचा कान गेला. मीही मंडळात जाणं सोडलं.

निमकर दुकानातून गेले त्याच दिवशी मी सायकल मारत सरांकडं गेलो. सर खोलीच्या दारात बसले होते. पपईला पिवळी पानं आली होती. त्या शनिवारपासून ते दुकानात फिरकले नव्हते.

"तुमी बरोबर हुता," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं सर उठतील, टोपी घालतील, माझ्याबरोबर वकीलसाहेबांकडं येतील.

सर म्हणाले, "त्यांनी काळ विचारला होता. मी काळ चुकलो."

"पन सर, त्यांनी डाव टाकला."

"तो माणूस देश सोडून गेला होता म्हणालात?"

"व्हय. परमुलखात."

सरांनी मान वर केली. समोर बंद बंगला होता, त्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. "म्हणून तो सारखा दारापर्यंत येत होता," ते म्हणाले. मग अगदी हळू, मला नव्हे, स्वतःला सांगितल्यासारखं, "मला वाटायचं, इतक्या उशिरा आलेला मी एकटाच."

"चला माझ्यासंगं," मी म्हणालो. "किल्ली घेऊन येऊ. कशी देत न्हाईत बघतो."

"नाही, महाशय. मी हात वर केला तो माझ्या चुकीसाठी. दुसरा कुणी चुकला असेल तर त्यानं आपला हात आपण वर करायचा. तो ओढून वर करता येत नाही."

"आनि त्यानं न्हाईच केला तर?"

"तर थांबायचं," सर म्हणाले.

माझ्याच्यानं थांबणं होत नाही. मी रागारागानं निघून आलो. जाताना म्हणालो, दुकानावर या, नवी खोकी आल्यात. सर हो म्हणाले. आले नाहीत.

त्यानंतर मी सरांना एकदाच पाहिलं. शनिवार होता, दिवस मावळत होता. कॅम्पातून उचललेले पलंग हातगाडीवर घालून मी वाचनालयाच्या मागच्या रस्त्यानं येत होतो. खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या आणि आत तबकडी चालू होती. कंपाउंडाच्या भिंतीबाहेर, रस्त्यावर, कडुनिंबाखाली सर सायकल धरून उभे होते. टोपी काखेत. मी हातगाडी थांबवली. हाक मारावी की नको, कळेना.

तेवढ्यात वीज गेली. आतला आवाज रडत रडत खाली आला आणि थांबला. खुर्च्या सरकल्या, काड्या ओढल्याचे आवाज आले, कुणीतरी काही बोललं, माणसं हसली. निमकरांचा आवाज ओळखू आला, "चला, आज एवढंच."

बाहेर सर सुरू झाले. सायकलच्या सीटवर, मीच विकलेल्या त्या सीटवर, बोटांनी ठेका धरून ते उरलेलं गुणगुणत होते. मागून एक टेम्पो भोंगा वाजवत आला, सर बाजूला सरकले, पण थांबले नाहीत. आतली माणसं दुसऱ्या दारानं बोलत बोलत निघून गेली. सूर दारापर्यंत आला आणि वळला. पुन्हा आला, पुन्हा वळला. सरांचं बोट वरच होतं. अंधार पडत होता, रस्त्यावर माझ्याखेरीज कुणी नव्हतं, आणि मी तिथं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मग एकदाचा तो टेकला. बोट खाली आलं. सरांनी टोपी घातली, सायकलवर टांग टाकली आणि गेले.

पुढं ते जामखेडला पुतण्याकडं राहायला गेले आणि तिथंच वारले, हे मला फार उशिरा कळलं. पपईचं झाड मी जाऊन पाहिलं. वाळलेलं होतं.

निमकर, तुम्ही अजून आहात. याच गावात, बंगला बांधून आहात. सभांमध्ये पाहुणे म्हणून जाता, आणि माझ्या दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथनं जाता. सर बरोबर होते हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं, आणि आजही माहीत आहे. मला माफीबिफी काही नको. ज्या गावात त्यांचा कान गेला असं तुम्ही सांगितलंत, त्याच गावात, माणसं बसलेली असताना, उठून उभे राहा आणि हात वर करा. तोवर अख्खा वर्ग थांबलेला आहे.